उजव्या हाताचं माप

लिफ्टचं बटण दोघांनी एकदमच दाबलं आणि ठिणगी उडाली.

प्रेमाच्या गोष्टीत उडते ती ठिणगी वेगळी. ही शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातली होती. थंडीचे दिवस, हवा कोरडी ठणठणीत, त्याच्या अंगात लोकरीचा जाडजूड स्वेटर. तिचं बोट त्याच्या बोटाला लागलं, टच्‌ आवाज झाला आणि दोघांनीही चटका बसल्यासारखे हात मागे घेतले.

"लागलं का हो?" त्याने घाबरून विचारलं.

"नाही, फारसं काही—"

"तुम्हाला नाही, ह्याला!" आणि तो काखेतल्या पुठ्ठ्याच्या चपट्या खोक्याकडे बघायला लागला. तान्हं बाळ पडता पडता वाचलं की आई बघते, तसा.

ती जरा चपापली आणि मग तिला हसूच आलं. "मदरबोर्ड आहे ना आत?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"खोक्याच्या आकारावरून. पण लोकरीचा स्वेटर घालून मदरबोर्ड आणणारा माणूस मात्र आजच बघते. स्वेटरवरची एक ठिणगी आतला एखादा भाग कायमचा गार करू शकते, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे हो. पण आईने विणलाय. घातला नाही तर रुसते."

"आणि बोर्ड रुसला म्हणजे?"

तो ओशाळला. खोकं छातीशी धरलं, मग स्वेटर आठवून पुन्हा लांब धरलं. आता कुठे धरावं ते त्याला कळेना.

"वीज अडवणाऱ्या रुपेरी पिशवीत घातलाय ना?"

"दोन पिशव्यांत."

"मग त्याला काही झालेलं नाही. झालं ते तुम्हालाच."

लिफ्ट वर निघाली. भित्र्या माणसाला शांतता सोसत नाही. तो बोलत सुटला. चौथ्या मजल्यावर जायचंय, तिथे एक बाई बोर्ड तपासतात, त्यांना म्हणे सगळे 'चिमटा' म्हणतात, फार कडक आहेत असं ऐकलंय…

"कुणाकडून ऐकलंत?"

"ज्यांचे बोर्ड परत आले त्यांच्याकडून."

"मग खरंच असेल," ती म्हणाली.

चौथा मजला आला. ती पुढे झाली, दाराजवळच्या खुंटीवरचा पांढरा कोट अंगात घातला, मनगटाला ठिणगी रोखणारा पट्टा बांधला आणि वळून म्हणाली, "या. स्वेटर बाहेर काढून ठेवा. मीच चिमटा."

आता हे तपासणं म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. म्हणजे पुढे काय घडलं आणि का घडलं ते नीट उमजेल.

ती ज्या कंपनीत होती तिथे टेबलावरचे कॉम्प्युटर जोडत. शाळांना, दवाखान्यांना, कचेऱ्यांना हजारांनी जात. मदरबोर्ड, म्हणजे कॉम्प्युटरचे सगळे भाग ज्यावर बसतात ती पाटी, मात्र बाहेरच्या लहानमोठ्या संस्थांकडून येत. एखादा बोर्ड पसंत करण्याआधी त्याचा नमुना दोन ठिकाणी तपासला जाई. तो किती वेगाने चालतो, किती तापतो, हे खालच्या मजल्यावर बघत. चौथ्या मजल्यावर बघत ते एवढंच, की माणसाच्या हाताला तो जुळतो की नाही. नवं घर बघायला गेलेली जाणती बाई भिंतींचा रंग बघत बसत नाही. ओट्यापासून नळ किती लांब, दार उघडलं की कपाटावर आपटतं का, वाकल्यावर डोकं कशाला लागतं, हे बघते. रंग काय, उद्या बदलता येतो. भिंत बदलता येत नाही. तसंच हे. प्रोसेसरशेजारी पंख्याला जागा आहे का, रॅमच्या पट्ट्या बसवताना बोटं कुठे अडतात, केबल कुठून कुठे जाते… ती नऊ वर्षं हेच बघत होती. आणि तिचे शेरे नेमके दुखऱ्या जागी बसत, म्हणून चिमटा.

नियम आबांचे होते. आबा म्हणजे खात्यातले सगळ्यात जुने तपासनीस. ते कुणाचेच आजोबा नव्हते, पण सगळे त्यांना आबा म्हणत. ज्याने बोर्डाची आखणी केली तो 'कर्ता'. कर्त्याने तीन पावलांवरच्या स्टुलावर बसायचं, हात मांडीवर ठेवायचे, आणि तपासणी संपेपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. "कारण," आबा सांगत, "कॉम्प्युटरच्या खोक्यातून कर्ता येत नाही. गिऱ्हाइकाला 'असं नाही, असं धरा' म्हणून सांगणार कोण?"

तो स्टुलावर बसला. तिने बोर्ड पिशवीतून काढला आणि उजेडात धरला.

पहिल्या नजरेतच तिला तो आवडला. बोर्ड हो… कर्त्याचं अजून काही नव्हतं. स्क्रूच्या भोकांभोवती नेहमीपेक्षा दुप्पट मोकळी जागा सोडली होती. स्क्रूड्रायव्हर घसरला तरी तांब्याची बारीक रेघ कापली जाऊ नये. ह्याचा कधीतरी घसरलाय, तिने मनात नोंद केली. अक्षरं ठळक, आणि सगळी उभ्या माणसाला सरळ वाचता येतील अशी. रॅम आधी कुठल्या खाचेत घालायची त्याचा बाण काढलेला. बटणाएवढी बॅटरी ग्राफिक्स कार्डाखाली न दडवता कडेला, बोटाने काढता येईल अशी. दुसऱ्याचे कष्ट आधीच ओळखून ठेवणारा माणूस होता हा. अशी माणसं बोर्डावर काय आणि घरात काय, फार नसतात.

तिने कॉम्प्युटरचं रिकामं कॅबिनेट आडवं घातलं आणि जोडायला घेतलं. नऊ स्क्रू. प्रोसेसर, त्यावर पंखा. रॅम. वीजपुरवठ्याची मनगटाएवढी जाड मुख्य केबल. शेवटी पडद्यावर चित्र दाखवणारं ग्राफिक्स कार्ड. ते खटकन बसलं. स्टुलावर सुटकेचा श्वास ऐकू आला.

पण बसवणं काय, कुणालाही जमतं. खरी परीक्षा काढताना.

कार्ड काढायचं तर खाचेच्या उजव्या टोकाला नखाएवढी प्लास्टिकची कळ असते, ती दाबावी लागते. तिने उजवा हात घातला. केबल आडवी आली. वरून घातला तर रॅम आडवी आली. बोटाचं टोक कळीवर कसंबसं पोचलं, तिरकं दाबलं गेलं आणि कळ कट्‌ करून मोडली.

तो ताडकन उठला, हात पुढे आला—

"हात मागे!" ती ओरडली. "कर्त्याचा हात बोर्डाला लागला, की बोर्ड परत घेतला असं धरतात."

हात हवेतच थांबला. डावा हात होता.

तिने त्या हाताकडे पाहिलं, मग बोर्डाकडे पाहिलं. आता तिने आपला डावा हात कार्डावरून, पंख्याच्या बाजूने आत घातला. सरळ गेला. जणू वाटच तिथून ठेवली होती.

तिने कागदावर वेळ टाकली. "तपासणी संपली. आता बोला. तुम्ही डावखुरे ना?"

"हो… पण तुम्ही मला लिहिताना कुठे पाहिलंत?"

"तुमच्या बोर्डाने सांगितलं. मुख्य केबलची जागा तुम्ही खाली सरकवलीत ना?"

"विजेची वाट आखूड व्हावी म्हणून."

"वीज खूश झाली. पण जगातले दहातले नऊ जण उजव्या हाताने कळ दाबणार आणि त्यांना ती केबल आडवी येणार. तुम्हाला कधी आली नाही, कारण तुमचा हात पलीकडून जातो. आणि तुम्ही हा टेबलावर उघडा ठेवून तपासला असणार, कॅबिनेटमध्ये घालून नाही. खरं की नाही?"

तो खाली बसला.

"सहा वर्षं मी दुसऱ्यांच्या बोर्डांचे कोपरे काढत होतो," तो म्हणाला. "हा पहिला. अख्खा माझा. तीन वर्षं लागली… आणि मी डावखुरा आहे, एवढंच विसरलो."

तिने 'नापास' लिहिलं. नऊ वर्षांत तो शब्द लिहिताना पेन कधी अडलं नव्हतं. आजही अडलं नाही. फक्त त्याखाली तिने चांगल्या गोष्टींच्या पाच ओळी लिहिल्या. आबा दोन ओळींच्या वर कधी कुणाचं कौतुक करू देत नसत. त्यांनी कागद वाचला, चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं, आणि सही केली.

सुधारून आणायला दीड महिन्याची मुदत होती. आणि दोनदा नापास झालेला बोर्ड तिसऱ्यांदा दारात येत नसे. कायमचा बाद.

चार दिवसांनी तिला फोन आला.

"एक तांत्रिक प्रश्न होता. तुमच्या अंगठ्याची रुंदी किती?"

"काय?"

"म्हणजे… उजव्या हाताचा माणूस पाहिजे मला. माझ्या इथे आम्ही दोघंच, दुसराही डावखुराच."

"दोन डावखुरे एका खोलीत? आणि म्हणे चूक कशी झाली!"

"हसू नका हो. हाताचं चित्र काढून पाठवाल का? कागदावर हात ठेवायचा आणि कडेने पेन्सिल फिरवायची. एवढंच."

एवढंच म्हणे. पण उजव्या हाताचं चित्र काढायचं तर पेन्सिल डाव्या हातात धरावी लागते, हे तिच्या लक्षात आलं ते हात कागदावर ठेवल्यावर. पेन्सिल डुगडुगत गेली. अंगठ्याच्या मुळाशी तर घसरलीच आणि तिथे रेघेला बाहेर पोट सुटलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "चित्र मिळालं. पण रेघ फार थरथरली आहे. मन थाऱ्यावर नव्हतं का?"

"मन जागच्या जागी आहे. डाव्या हाताने काढली. तुम्ही लोक जन्मभर कसे लिहिता कोण जाणे."

"आम्हाला वाटतं तुम्ही कसे लिहिता."

"फोन तांत्रिक प्रश्नासाठी होता ना?"

"होता. तो झाला… आता ठेवू का?"

"ठेवा," ती म्हणाली. कुणीच ठेवला नाही.

तिची आई शिवणकाम करायची. घरात बसून बायकांचे, पुरुषांचे कपडे बेतायची. तोंडात टाचण्या धरूनही स्पष्ट बोलायची, असा तिचा लौकिक होता. लेकीने सहज सांगावं तसं सांगितलं, तर मशीन थांबलं.

"हाताचं चित्र मागितलं? आमच्या वेळी फोटो मागायचे."

"आई, ते कामासाठी आहे."

"असेल की. मुलगा कसा आहे?"

"बोर्ड चांगला आहे. मांडणी जरा—"

"बोर्डाशी लावून द्यायचंय का मला तुझं? मुलगा कसा आहे ते विचारलं."

तिने मशीनवरचं दोऱ्याचं रीळ उगाच फिरवलं. मग म्हणाली, "दुसऱ्याचे कष्ट आधी ओळखतो."

आईने टाचण्या तोंडातून काढून डबीत ठेवल्या. गंभीर काही बोलायचं असलं की ती टाचण्या काढायची. पण मशीन पुन्हा सुरू झालं, एवढंच.

मग तो येऊ लागला. कंपनीत नाही, समोरच्या बागेत; मधल्या सुट्टीत, चहाच्या टपरीशेजारच्या बाकावर. येताना पुठ्ठ्याची खेळण्यासारखी खाच करून आणायचा. "बोट घाला. आता? अडतंय? केसभर इकडे सरकवू?" ती बोट घालायची, शेरा मारायची, तो वहीत डाव्या हाताने लिहायचा आणि शाई तळहाताला लागायची. खाचेबद्दलचं बोलणं दहा मिनिटांत संपे. उरलेली वीस मिनिटं कशात जात, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. पहिल्याच वर्षी त्याच्या हातून स्क्रूड्रायव्हर घसरून सगळ्यात महागाचा बोर्ड कापला गेला होता, तेव्हा तो जिन्यात बसून रडला होता. तिला लहानपणी घड्याळं उघडायची खोड होती. परत जोडता मात्र येत नसत. अशी काहीबाही बोलणी. झाडाची पानं बाकावर पडत, तो पान उचलून देठ कुठल्या बाजूला वळलाय ते बघायचा. असल्या माणसाचं काय करावं?

दीड महिना भरायला एक दिवस उरला असताना तो दुसरा नमुना घेऊन आला. अंगात सुती सदरा, चेहरा धुतल्यासारखा. स्टुलावर बसला, हात मांडीवर ठेवले. नियम नियमच.

तिने बोर्ड काढला, कॅबिनेटमध्ये बसवला, सगळं जोडलं. पत्रक भरण्याआधी एकदा हात फिरवून बघायची तिची रीत होती. तिने उजवा हात आत घातला.

लोण्यात सुरी जावी तसा गेला. केबल थोडी वर गेली होती, रॅमशेजारचे उंच भाग बाजूला झाले होते, कळीवर बोट आपसूक येऊन टेकलं. तिने डोळे मिटून पुन्हा घातला. पुन्हा गेला. कुठे काही लागेना, घासेना. नऊ वर्षांत शेकडो बोर्ड झाले, पण हाताला असं घरी आल्यासारखं कधी वाटलं नव्हतं.

आणि तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली.

तिने दिवा जवळ घेतला आणि मोकळ्या जागेची कड निरखून पाहिली. कड सरळ नव्हती. बोटाबोटाने वळत होती. आणि अंगठ्याच्या मुळाशी, काही कारण नसताना, तिला बाहेर पोट सुटलं होतं. तिथले दोन बारीक भाग मुद्दाम मागे सरकवले होते.

पेन्सिल घसरली होती, ती जागा.

तो बोर्ड उजव्या हातासाठी नव्हता. तो तिच्या हातासाठी होता. घसरलेल्या रेघेसकट.

डोळ्यांत पाणी यावं की कपाळावर हात मारावा, हे तिला ठरवता येईना. आईचं एक नेहमीचं वाक्य होतं, ते मात्र आठवलं: एकाच्या अंगाला बेतून शिवलेलं फार सुंदर दिसतं, पण दुसऱ्याच्या गळ्यात उतरत नाही. आणि हे हजारो अनोळखी हातांत जायचं होतं.

तिने पत्रक पुढे ओढलं. पहिलीच ओळ: 'ह्या बोर्डाच्या कर्त्याशी माझं कोणतंही नातं वा स्नेह नाही.' खाली सही. नऊ वर्षं ती ही ओळ न वाचता सही करत आली होती. आज तिने ती दोनदा वाचली, आणि पेनाचं टोपण परत लावलं.

"ऐका," ती स्टुलाकडे न बघता म्हणाली. "तुम्हाला बोलता येणार नाही, ते एक बरंच आहे. नाहीतर माझ्याच्याने बोलवणार नाही. मी सही केली तर हा बोर्ड आत्ता पास होतो. माझ्या हाताला ह्यात खोट काढता येत नाही. पण सही केली तर ती खोटी होईल. नाही केली, तर तपासणी आबांकडे जाईल. आबांची बोटं तुम्ही पाहिलीत ना? काकड्या आहेत. ह्या वाटेने त्यांचं करंगळीचं टोकसुद्धा जाणार नाही. मग दुसऱ्यांदा नापास. मग कायमचा बाद."

स्टूल करकरलं.

"तिसरी वाट म्हणजे तुम्ही स्वतःच परत घ्यायचा. तो नापास धरत नाहीत. पण ह्या वेळची मागणी दुसऱ्या कुणाला जाईल, आणि पुढची वेळ येईल आठ महिन्यांनी. तुमची तीन वर्षं आहेत ह्यात, मला ठाऊक आहे. मी सही करते म्हटलं तर कुणाला कळणारही नाही… फक्त मला कळेल. आणि उद्या कुठल्याशा दवाखान्यात कुणीतरी हात घालील आणि त्याला वाटेल, कुणी मूर्खाने काढलंय हे. तुम्हाला कुणी मूर्ख म्हटलेलं मला… म्हणजे मी म्हटलं तर चालेल—"

ती थांबली. इथवर सगळं तांत्रिक होतं. पुढचं नव्हतं.

"सही का खोटी होईल, तेही सांगायला हवं. स्नेह नाही, असं लिहिलंय तिथे. तो… आहे. निदान इकडून आहे. तिकडचं मी विचारलेलं नाही. अंगठ्यापाशी रेघ घसरली होती हो, वेड्या माणसा. ती माझी चूक होती. ती बोर्डावर कशाला उतरवलीत?"

आता तिने मान वर केली.

त्याचे कान लाल झाले होते. ओठ हलले, पण नियम आठवून मिटले. तो बोर्डाकडे बघत होता. तीन वर्षं माणूस ज्याच्याकडे बघत आला, त्याच्याकडे बघावं तसं. मग तिच्याकडे बघितलं. मग उठला. तीन पावलं चालत आला आणि कॅबिनेटमध्ये डावा हात घालून बोर्डावर तळहात ठेवला. पूर्ण टेकवला. काही शंकाच राहू नये म्हणून.

"आता बोलू?" त्याने विचारलं.

"बोला."

"ती चूक होती, हे मला माहीत होतं. काढताना तीनदा सरळ केली. तीनदा परत वाकवली. ती सरळ केली, की हात तुमचा वाटेना."

तिने फक्त त्याचा शाईने माखलेला तळहात बोर्डावरून उचलला आणि… खाली ठेवलाच नाही. देवाने माणसाला दोन हात वेगवेगळ्या बाजूंना का दिले असतील, असा प्रश्न कुणाला पडला असेल, तर त्याचं उत्तर त्या क्षणी त्या टेबलापाशी होतं: समोरासमोर उभं राहिलं, की एकाचा डावा हात दुसऱ्याच्या उजव्या हातासमोरच येतो.

असो. आता मूळ पदावर येऊ, कारण बोर्डाचं अजून व्हायचंच होतं.

पुढचे आठ महिने तो माणसांचे हात गोळा करत हिंडला. पोस्टातला कारकून, भाजीवाली, दातांचा डॉक्टर, शाळेच्या मास्तरीणबाई. तिच्या आईचा हात घेताना आई म्हणाली, "अंगठीचं माप घेताय का बोर्डाचं, ते एकदा स्पष्ट सांगा, म्हणजे मी चहात साखर किती घालायची ते ठरवते." तो म्हणाला, "बोर्डाचं." आईने साखर दोन चमचेच घातली. पुढच्या खेपेला त्याने काहीच न सांगता मान खाली घातली, तेव्हा तीन. आबांचा हात मिळवायला तर त्याला चार खेपा पडल्या. "लाच आहे ही," आबा म्हणाले. "हातच मागतोय, आबा, सही नाही." मग आबांनी हात कागदावर ठेवला. कागद पुरला नाही.

एकशे बारा हात झाले. त्याने ते सगळे एकावर एक ठेवले, आणि सगळे जिथून जातील अशी एक साधी, रुंद, सरळ वाट बोर्डावर काढली. ती वाट खास कुणाचीच नव्हती, म्हणून सगळ्यांची झाली.

तपासणी आबांनी केली. ती त्या दिवशी शेजारच्या खोलीत दुसऱ्याच कुणाचा बोर्ड जोडत होती, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा तिने एक स्क्रू उलटा फिरवला. तासाभराने दार उघडलं. आबा पुढे, तो मागे. आबांच्या हातात पत्रक होतं आणि चेहऱ्यावर नेहमीप्रमाणे काही नव्हतं.

"पास," आबा म्हणाले. "शेरा: जाड बोटंही जातात. कर्त्याने कुणाचे लाड केलेले नाहीत."

तिने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. तो तिथेच उभा राहिला.

"आबा, मी… ह्यांना एक विचारायचं होतं."

"मग विचार बाबा. मला जेवायला जायचंय."

"तुमच्यासमोर?"

"मी साक्षीदार म्हणून उभा आहे असं समज. जन्मभर तेच केलं."

त्याने मान वर केली. "लग्न कराल माझ्याशी?"

"विचार करून विचारताय ना?" ती म्हणाली. "तुमचा एकही बोर्ड मग मला कधी तपासता येणार नाही."

"माहीत आहे. बाकी सगळ्यात खोट काढायला मोकळ्या आहात."

"त्याची परवानगी कुणी मागितली होती?" मग आवाज खाली आला. "करीन. पण आधी तू मला अहो-जाहो करणं सोड. घरात दोघंच असू. कोण कुणाला म्हणतंय ते कळेल."

तो हसला, आणि 'तू' म्हणायला गेला, तर शब्दच बाहेर पडेना. आबांनी तेवढ्यात कपाटातून जाडजूड नोंदवही काढली होती. कुणाचे बोर्ड कुणाकडे तपासायला द्यायचे नाहीत, त्याची वही. त्यांनी आधी कर्त्याचं नाव लिहिलं, पुढे तिचं लिहिलं, आणि कारणाच्या रकान्यापाशी पेन थांबवलं.

"इथे काय लिहू? स्नेह की नातं?"

"आज स्नेह लिहा," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात खोडून नातं लिहा."

"सरकारी शिस्तीची वही आहे ही. खाडाखोड चालत नाही." आबांनी पेनाला टोपण लावलं, वही मिटली आणि ते जेवणाचा डबा उचलून दाराकडे निघाले. "रकाना मोकळा ठेवतो. पण महिनाभरच हं. लवकर आटपा."